जन्मतारीख १ जानेवारी : करेन निर्वासितांच्या एका पिढीविषयी

अमेरिकेत मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल इथे हजारो करेन माणसं राहतात. म्यानमारच्या पूर्व सरहद्दीवरचे हे लोक थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढून तिथे पोचले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांची कागदपत्रं एकापुढे एक ठेवली, तर कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारी निघते. डोंगरातल्या गावात जन्माची नोंद करायला कोणी नव्हतं. घरच्यांना आठवे ते एवढंच, की त्या वेळी भात कापणीला आलं होतं, किंवा जपानी यायच्या आधीचा तो पावसाळा होता. नोंदणीच्या टेबलावर मात्र रकाना मोकळा ठेवून चालत नाही. मग वर्ष अंदाजानं धरायचं आणि दिवस पहिला टाकायचा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेल्या माणसांची अख्खी पिढी आहे. तिला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्या आजोबांना त्या तारखेवर शाळा मिळाली, नोकरी मिळाली, पेन्शन मिळालं. करेन आजीला तारीख मिळाली तेव्हा तिची निम्म्याहून अधिक हयात सरली होती, आणि गाव सोडून पळणं अनेकदा झालं होतं.

पुढची पानं अशा आजी-आजोबांच्या दीर्घ आयुष्याची आहेत. त्यांची कहाणी एरवी फार लवकर उरकली जाते. लढाई, पळापळ, छावणी, विमान आणि मग परदेशातलं सुरक्षित घर. विमानतळाच्या दारातच सांगणारा थांबतो. पासष्टाव्या वर्षी विमानातून उतरलेलं माणूस पुढे वीस वर्षं जगतं, त्या वर्षांचं काय, हे कोणी विचारत नाही. आणि विमानाआधीच्या पासष्ट वर्षांत ते नुसतं पळत नव्हतं, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. ते डोंगरउतारावर भात पिकवत होतं, कापड विणत होतं, मुलांची लग्नं लावत होतं, गावातले तंटे मिटवत होतं, कोणती पाला-मुळी कशावर चालते हे जाणत होतं. घर तर परदेशी जाण्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. परदेशात गेला तो जाणत्या माणसाचा मान. आयुष्याची शेवटची वीस वर्षं ही माणसं तो मान पुन्हा उभा करण्यात घालवतात, आणि मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यांत कमी सांगितला गेला आहे.

मराठी वाचकाला ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, अनोळखी नाही. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, आणि मंडालेचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीत वारला. पण आपल्या ओळखीचा हा ब्रह्मदेश राजाचा आणि तुरुंगाचा. डोंगरातले करेन त्यात कुठे दिसत नाहीत. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, म्हणजे आज नव्वदी गाठलेली करेन आजी कायद्यानं हिंदुस्थानात जन्मली. अंदमानात मायाबंदरजवळच्या वेबी गावात तर १९२५ पासून करेन वस्ती आहे. जंगलकामासाठी ब्रह्मदेशातून आणलेल्या त्या कुटुंबांचे वंशज आज भारताचे नागरिक आहेत. त्यांचे दूरचे भाऊबंद मिनेसोटात नागरिकत्वाची परीक्षा देत बसले आहेत. कोणत्या बोटीत कोण चढलं, एवढ्यावर हे ठरलं.

आणखी एक धागा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्ये पेगूच्या जंगलांचा अधिकारी झाला. करेन शेतकरी डोंगराचा तुकडा तोडून, जाळून त्यावर एक-दोन वर्षं भात घेत आणि मग तो तुकडा वर्षानुवर्षं पडीक ठेवून रान वाढू देत. ब्रँडिसनं त्यांच्याकडूनच भाताच्या ओळींत साग लावून घ्यायला सुरुवात केली. शेतकरी पुढे सरकला की मागे सरकारी सागवान उभं राही. १८६४ मध्ये हाच ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. कोकणातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या दळी, म्हणजे डोंगरउतारावरचे शेतीचे तुकडे, ज्या सरकारी नजरेला खुपू लागल्या, त्याच नजरेखाली करेन डोंगरशेतीही आली होती. फिरत्या शेतीला 'जंगल जाळणं' म्हणायची सवय तेव्हापासूनची आहे. पडीक तुकड्याचं रान किती वर्षांत भरतं, माती पुन्हा कधी तयार होते, कोणत्या उतारावर कोणतं भात धरतं, हे ज्ञान त्या शब्दांत कुठेच मावत नाही. आजीचं शिक्षण शून्य, असं नंतर फॉर्मवर लिहिलं गेलं, तेव्हाही हेच घडलं.

करेन म्हणजे एकच एक जमात नव्हे. स्गॉ आणि प्वो या दोन मोठ्या भाषा आणि त्यांच्या आजूबाजूच्या बोली. काही करेन इरावतीच्या मुखाजवळच्या सपाट प्रदेशात पाण्याची भातशेती करणारे, तर काही साल्विन नदीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांतले. थायलंडच्या सहलींत 'लांब मानेच्या करेन बायकां'चं गाव दाखवतात. पितळी कड्यांचा तो साज कायान या नातेवाईक समूहातल्या काही बायकांचा, आणि त्या बायकाही म्यानमारमधून पळून आलेल्या निर्वासितच. तिकीट काढून त्यांना पाहायला जाणाऱ्यांत आपली माणसं असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

करेन म्हणजे ख्रिस्ती, असाही एक समज आहे. बहुसंख्य करेन बौद्ध आहेत, आणि डोंगर-पाण्याच्या, पूर्वजांच्या जुन्या देवतांना मानणारेही पुष्कळ आहेत. ख्रिस्ती थोडे, पण बोलले जास्त, कारण लिहिणं त्यांच्या हाती आधी आलं. १८२८ मध्ये को थ ब्यू या करेन माणसाचा बाप्तिस्मा झाला. १८३० च्या दशकात जोनाथन वेड या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यानं ब्रह्मी अक्षरांवरून स्गॉ भाषेची लिपी बसवली. पुढच्या दशकात करेन वृत्तपत्र निघू लागलं. आजही अनेक आजींना वाचता येतं ते एकच, स्गॉ बायबल. बौद्ध आजीला बऱ्याचदा तेही येत नाही. तिच्याकडे सगळं तोंडपाठ असतं.

या पिढीच्या बालपणावर दुसरं महायुद्ध पडलं. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या, त्यांच्याबरोबर आँग सान यांची ब्रह्मी स्वातंत्र्यसेना आली. करेन बहुतांशी इंग्रजांच्या बाजूचे. त्याचा सूड म्याउंगम्या भागातल्या करेन गावांवर उगवला गेला; माणसं मारली गेली, गावं जाळली गेली. डोंगरात ह्यू सीग्रिम हा इंग्रज अधिकारी करेन लोकांत लपून राहिला होता. त्याच्या शोधासाठी जपान्यांनी गावकऱ्यांचा छळ मांडला, तेव्हा तो होऊन स्वाधीन झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये रंगूनला त्याला मारण्यात आलं. करेन म्हातारी माणसं त्याचं नाव आजही आदरानं घेतात. ज्या सरकारसाठी तो मेला, त्यानं मात्र ४ जानेवारी १९४८ ला देश सोडताना करेन लोकांच्या हाती काही दिलं नाही. १९४६ मध्ये लंडनला गेलेलं करेन शिष्टमंडळ रिकाम्या हातांनी परतलं होतं. ५ फेब्रुवारी १९४७ ला करेन नॅशनल युनियन स्थापन झाली, आणि ३१ जानेवारी १९४९ ला रंगूनजवळच्या इन्सेनमध्ये लढाईला तोंड फुटलं. संघटनेचे नेते सॉ बा ऊ जी केंब्रिजला शिकलेले वकील. १२ ऑगस्ट १९५० ला ते मारले गेले. जगातल्या सगळ्यांत लांब चाललेल्या यादवी लढायांत ही लढाई मोडते. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या पुढची आहे, आणि लढाई संपलेली तिनं पाहिलेली नाही.

१९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. त्या दशकात लष्करानं 'चार तोड' हे धोरण आणलं. बंडखोरांचं अन्न, पैसा, बातमी आणि नवी भरती या चार वाटा तोडायच्या. नकाशावर हे सोपं दिसतं. चुलीपाशी त्याचा अर्थ काय झाला, ते जवळून पाहायला हवं. बंडखोर म्हणजे गावातलीच पोरं. त्यांचं अन्न तोडायचं तर गावाचंच धान्य काढून घ्यायला हवं. म्हणून गावं उठवून लष्करी ठाण्याजवळ कुंपणात आणून बसवली. ठरलेल्या दिवसानंतर डोंगरात दिसेल त्याला गोळी. शेतावर जायला पास, आणि बरोबर भात एका दिवसापुरताच, कारण जास्तीचा भात बंडखोरांच्या पोटात जाईल.

जे कुंपणात गेले नाहीत, ते रानात लपून राहिले. भाताची कणगी गावात ठेवायची नाही, रानात दोन-तीन ठिकाणी विभागून दडवायची. एक साठा शिपायांना सापडला तर दुसरा उरतो. चूल रात्री पेटवायची, म्हणजे धूर दिसत नाही. तुकडी निघाल्याची खबर आली की वेताच्या टोपलीत काय भरायचं ते ठरलेलं: तांदूळ, मीठ, पातेलं, एक पांघरूण. टोपलीचा पट्टा कपाळावर घ्यायचा, हात धाकट्या मुलासाठी मोकळे ठेवायचे. यातलं मीठ सगळ्यांत मोलाचं. तांदूळ डोंगर देतो, भाजी रान देतं, मीठ मात्र खालच्या बाजारातूनच आणावं लागतं, आणि ती वाट लष्करानं धरलेली. पुरुष सापडले तर त्यांना दारूगोळा वाहायला हमाल म्हणून नेत, कधी बायकांनाही. परत यावं तर शेत जळालेलं आणि पायवाटेवर सुरुंग पेरलेले. करेन ह्यूमन राइट्स ग्रुपनं १९९२ पासून गावोगावच्या माणसांच्या तोंडून हे सगळं टिपून ठेवलं आहे, आणि ते वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: या सगळ्या काळात भात लावणं थांबलं नाही. पाऊस आला की ही माणसं लपत-छपत डोंगरावर जात आणि बी टोचत. हे सांभाळणारी बहुधा घरातली थोरली बाई असे, कारण पुरुष एकतर लढायला गेलेला किंवा हमालीला धरून नेलेला.

१९८४ च्या कोरड्या हंगामात लष्करानं केलेल्या चढाईनंतर सुमारे दहा हजार करेन मोई नदी ओलांडून थायलंडात आले. पावसाळ्यात लष्कर मागे हटलं की परत जाऊ, असं त्यांना वाटत होतं. तोवरचा अनुभव तसाच होता. या वेळी लष्कर हटलं नाही. पुढे १९९४ च्या अखेरीस करेन सेनेतले काही बौद्ध सैनिक फुटले आणि २७ जानेवारी १९९५ ला मानेरप्लॉ हे करेन मुख्यालय पडलं. या फुटीविषयी म्हातारी माणसं आजही फार बोलत नाहीत. शत्रूनं जाळलेल्या गावाविषयी ती तासभर सांगतात. भावाभावांत पडलेल्या या भेगेविषयी दोन वाक्यांत आवरतं घेतात. १९९७ आणि १९९८ मध्ये थायलंडच्या हद्दीतली हुआय कलोक छावणी सरहद्द ओलांडून येऊन दोनदा जाळली गेली. नदीपलीकडेही घर जळू शकतं, हे तेव्हा कळलं.

सरहद्दीवर अशा नऊ छावण्या. सगळ्यांत मोठी मे ला, चुनखडीच्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी. ऐन भरात तिथे पन्नास हजारांच्या आसपास माणसं होती. थायलंडनं निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदोपत्री हा 'तात्पुरता आसरा'. म्हणून घर बांबूचं आणि पानांच्या छपराचं, पक्कं बांधकाम नाही. परवानगीशिवाय बाहेर पडणं नाही, शेती नाही, आणि २०२५ पर्यंत मजुरीही नाही. शिध्याला तांदूळ, पिवळी डाळ, तेल, मीठ, मासळीची पेस्ट आणि चुलीला कोळसा मिळे. ज्यांनी सुरुंगांतून वाट काढत भात पिकवला, ते महिन्याच्या शिध्याच्या रांगेत उभे राहिले. तरी छावणीत मान शाबूत होता. विभागाचा मुखिया आपला, शाळा करेन भाषेतली, भांडण मिटवायला म्हातारी माणसंच. थायलंडच्या सरहद्दीवरच्या मे सोत गावात डॉ. सिंथिया माउंग यांचा दवाखाना, १९८९ पासूनचा. या करेन डॉक्टरबाईंना २००२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मिळाला तोच. सरहद्दीपलीकडून दिवस-दिवस चालून येणाऱ्या बाळंतिणी आणि सुरुंगांनी पाय गेलेली माणसं यांना तिथे त्यांच्याच भाषेत 'कुठे दुखतं' असं विचारणारं कोणी होतं. पुढे या गोष्टीची किंमत कळायची होती.

२००५ पासून छावण्यांतून तिसऱ्या देशांत नेऊन वसवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. म्यानमारमधून आलेले लाखभराहून अधिक निर्वासित गेले, बहुतेक अमेरिकेला, बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, नॉर्वे अशा देशांना. अमेरिकेत सुरुवातीला एक विचित्र अडचण आली. सशस्त्र संघटनेला 'मदत' केलेल्या माणसाला तिथला कायदा प्रवेश देत नव्हता, आणि लढणाऱ्या पोराला घातलेला भातही त्या मदतीत मोडत होता. म्हणजे गावातली एकूण एक आजी दोषी. २००६ मध्ये सवलती सुरू झाल्या, २००७ च्या अखेरीस कायद्यातच दुरुस्ती झाली. विमानाचं तिकीट मात्र कर्जाऊ. अमेरिकेत पाय टेकल्यावर काही महिन्यांत त्याचे हप्ते सुरू होतात.

म्हाताऱ्यांपैकी अनेकांना जायचंच नव्हतं. नातवंडांच्या शाळेसाठी ती गेली. काही छावणीतच राहिली, आणि म्हणून एकेका घराचे दोन-तीन तुकडे झाले: थोरली बहीण मे लात, धाकटी सेंट पॉलमध्ये, भाऊ ऑस्ट्रेलियात.

पहिला हिवाळा, बर्फ, न उघडणाऱ्या खिडक्या, विजेची चूल यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यामुळे मी तिथे थांबत नाही. थंडीची सवय होते. सवय होत नाही ती वेगळ्याच गोष्टींची.

नावापासून सुरुवात होते. करेन लोकांत आडनाव नसतं. स्गॉ बाईच्या नावाआधी 'नॉ' आणि पुरुषाच्या नावाआधी 'सॉ' लागतं, आपल्या सौ.-श्री.सारखं. अमेरिकन फॉर्मवर पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. तेव्हा 'नॉ' हेच पहिलं नाव होऊन बसतं, आणि दवाखान्यात 'नॉ' अशी हाक आली की पाच बायका उठतात. घरी-दारी तिला सगळे 'फी', म्हणजे आजी, म्हणून हाक मारायचे. नाव घेऊन हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. तो वयाचा मान होता.

मग दुभाष्याचा प्रश्न. म्यानमारहून आली म्हणून तिच्यासाठी ब्रह्मी भाषेचा दुभाष्या बोलावला जातो. तिला ती भाषा येत नसते, किंवा येत असते ती शिपायांच्या तोंडून ऐकलेली. फोनवरचा अनोळखी पुरुष त्या भाषेत तिच्या पोटाविषयी प्रश्न विचारतो, आणि ती 'बरं आहे' म्हणून गप्प बसते. नाहीतर बारा वर्षांची नात बरोबर येते. नातीसमोर आजी अंगावरून जाण्याविषयी, रात्री दचकून उठण्याविषयी, रानात गेलेल्या मुलाविषयी काय बोलणार? आणि नातीनं ते इंग्रजीत कसं सांगायचं? घरात भाषेचा जो क्रम होता, थोरानं सांगायचं आणि धाकट्यानं ऐकायचं, तो इथे उलटा होतो. भाडं, वीजबिल, शाळेची चिठ्ठी हे सगळं नात वाचते आणि आजी ऐकते. मुलगा आणि सून बऱ्याचदा मांस-कारखान्यात पाळीवर असतात. दिवसभर घरात या दोघीच.

आणि परीक्षा. ज्यांचं वय पासष्टच्या पुढे आणि उत्पन्न नाही, अशांना अमेरिकेत केंद्र सरकारचा मासिक भत्ता मिळतो. निर्वासितांना तो सात वर्षंच मिळतो. पुढे चालू राहायला नागरिकत्व लागतं. नागरिकत्वाचा अर्ज आल्यापासून पाच वर्षांनी करता येतो. त्यासाठी इंग्रजी बोलणं, वाचणं, लिहिणं, शिवाय अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था. शंभर प्रश्नांच्या यादीतले दहा विचारायचे आणि सहा बरोबर यायला हवेत, अशी पद्धत वर्षानुवर्षं होती. पंचावन्न वर्षांवरच्यांना इंग्रजीची सूट आहे, पण तिथे पंधरा वर्षं कायमचा रहिवास झाल्यावर. सातव्या वर्षी भत्ता बंद, पंधराव्या वर्षी सूट. ज्या म्हातारीनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिच्या हाती पाचव्या आणि सातव्या वर्षांमधलीच फट उरते. गंभीर आजार असेल, स्मृती गेली असेल, तर डॉक्टरच्या फॉर्मवर सूट मिळते. पण युद्धात इतकं पाहिलेल्या माणसाच्या विस्मरणाचं कारण दुभाष्यातर्फे डॉक्टरला पटवणं सोपं नसतं. करेन संस्थांच्या वर्गांत सत्तरीच्या बायका 'वॉशिंग्टन' हे नाव गिरवत बसतात, ते या हिशेबापायी. म्यानमारच्या कायद्यात करेन हे देशाच्या मूळ वंशांत धरलेले आहेत; प्रत्यक्षात यांतल्या अनेकींच्या हाती तिथला एकही कागद नव्हता. आयुष्यातलं पहिलं नागरिकत्व त्या असं घोकून मिळवतात. उत्तीर्ण झालेल्या आजीच्या हातातला छोटा झेंडा पाहून आपल्याला कौतुक वाटतं. मला त्याबरोबर रागही येतो, की त्या वयाच्या बाईच्या भाकरीला ही अट का असावी.

आता मान पुन्हा उभा करण्याविषयी. सेंट पॉलमधल्या सदनिकेच्या जमिनीवर आजी पाय पसरून बसते. उभ्या धाग्यांचं एक टोक भिंतीशी पक्क्या आधाराला बांधलेलं, दुसरं टोक काठीवर, आणि काठीला अडकवलेला पट्टा तिच्या कमरेमागून फिरवलेला. या मागाला चौकट नसते. आजी मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. नक्षी कागदावर कुठे नसते. कोणता धागा उचलायचा आणि कोणता दाबायचा हे बोटांना माहीत असतं. कुमारिकेचा पायघोळ झगा पांढरा. लग्न झालेल्या बाईचं पोलकं आणि लुंगी वेगळी, पोलक्यावर एका रानगवताच्या पांढऱ्या टणक बिया टाचलेल्या. छावणीत सूत मापून मिळे, इथे दुकानात हवं ते मिळतं. करेन नववर्षाला, लग्नाला, शाळेतल्या नाचाला नातीला झगा लागतो, आणि तो विणणारी आजीच असते. त्या दिवसांत नात प्रश्न विचारते आणि आजी उत्तर देते.

दुसरी जागा म्हणजे वाफा. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलजवळ 'ट्रान्सप्लांटिंग ट्रॅडिशन्स' नावाचं सामुदायिक शेत २०१० पासून चालतं. तिथले बहुतेक शेतकरी करेन. अंबाडी, कारली, मिरच्या, अळू, गवती चहा. अंबाडी त्यांच्या रोजच्या जेवणातली, आंबट पाल्याची भाजी. परक्या मातीत कोणतं बी किती दिवसांत येतं, थंडी पडायच्या आत किती तोडे मिळतात, हे आजी दोन हंगामांत ताडते आणि तिसऱ्या हंगामात बाकीच्यांना सांगू लागते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या निल या दोनेक हजार वस्तीच्या गावात बदकांच्या कारखान्याला माणसं मिळेनात, तेव्हा २०१० च्या सुमारास करेन कुटुंबं तिथे गेली. २०१५ च्या एका अहवालानं त्यांच्यामुळे गावाच्या अर्थव्यवस्थेत ४ कोटी १५ लाख डॉलरची भर पडल्याचं मांडलं. हा आकडा खूप ठिकाणी छापून आला. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: तिथे अंगण आहे, आणि म्हातारीच्या हाताला माती लागते.

तिसरी गोष्ट मनगटाच्या दोऱ्याची. ऑगस्टमध्ये करेन लोक मनगट बांधण्याचा सण करतात. तबकात थंड पाणी, पांढरा दोरा, भाताचे गोळे, पानात बांधलेले चिकट भाताचे त्रिकोण, केळी, ऊस आणि फुलं. माणसात एक नव्हे, अनेक जीव असतात, सदतीस, असं जुनी माणसं सांगतात. भीतीनं, आजारानं, लांबच्या प्रवासात त्यांतला एखादा मागे राहतो, रानात भरकटतो, आणि मग माणूस झुरतो. म्हातारं माणूस त्याला नावानं बोलावतं, नदीकाठाहून, जळालेल्या गावातून, जिथे असशील तिथून घरी ये म्हणतं, आणि दोरा मनगटावरून फिरवून गाठ मारतं. काही चर्चवाल्या घरांना हा जुन्या देवतांचा विधी वाटतो आणि ती त्यात येत नाहीत. काही येतात, आपली रीत म्हणून. पण गाठ मारायला वय लागतं. ज्या सभागृहात इंग्रजी येणारी, गाडी चालवणारी, नोकरीवर जाणारी तरुण माणसं रांगेत हात पुढे करून बसतात, तिथे समोर उभी असते ती भत्त्यावर जगणारी, फॉर्मवर 'निरक्षर' असा शिक्का बसलेली आजी.

हे सगळं अजून मिटलेलं नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्करानं पुन्हा सत्ता घेतली. २७ मार्चला साल्विनजवळच्या करेन गावांवर विमानांतून बॉम्ब पडले; त्या भागात वीसेक वर्षांत असं झालं नव्हतं. सेंट पॉलमधल्या म्हाताऱ्यांनी ते नातवंडांच्या फोनवर पाहिलं. जी वाट त्या टोपली घेऊन चालल्या होत्या, तीच वाट पडद्यावर होती. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं निर्वासितांचा प्रवेशच थांबवला, त्यामुळे छावणीतून निघायच्या बेतात असलेल्यांची वाट बंद झाली. परदेशी मदत आटली, छावण्यांतले दवाखाने बंद पडले, आणि ३१ जुलै २०२५ ला बहुतेकांचा शिधाही थांबला. त्यानंतर थायलंडच्या सरकारनं छावणीतल्या माणसांना बाहेर काम करायची परवानगी द्यायचं ठरवलं, चाळीस वर्षांनी. तरुणांना त्याचा उपयोग होईल. मे लात मागे राहिलेल्या थोरल्या बहिणीला आता कोण कामावर घेणार? तिच्या तांदळाचे पैसे सेंट पॉलमधली धाकटी आपल्या भत्त्यातून पाठवते.

वाचण्यापूर्वी दोन गोष्टी. या आयुष्यांत वर्षं फारशी येत नाहीत. 'जपानी आले तेव्हा', 'गाव कुंपणात नेलं त्या वर्षी', 'मानेरप्लॉ पडलं त्यानंतरच्या पावसात' असंच सांगितलं जातं, आणि ते तसंच वाचावं. साल हवंच असेल तर वर दिलेलं आहे. एका माणसाच्या सांगण्यात दोन पळापळी एकमेकींत मिसळलेल्या आढळतील. जे इतक्या वेळा घडलं, ते सांगताना असंच होतं. आणि नावं, गावं कुठेही दिलेली नाहीत. सांगणारी माणसं परदेशात सुरक्षित आहेत, पण त्यांची भावंडं, पुतणे, भाचे अजून मोई आणि साल्विनच्या काठांवर आहेत, आणि लष्कराच्या चौक्याही तिथेच आहेत.